भगुण्यातला मसाला सायडर: सफरचंद, आवळा आणि सगळ्यात शेवटी मोसंबी

दसरा झाला की मराठवाड्याच्या फळबाजारात दोन फळांचे ढीग एकाच वेळी लागतात. एक, काश्मीर आणि किन्नौरहून ट्रकांनी उतरणारं सफरचंद. दुसरं, जालना, अंबड, पैठण, पाचोड भागातली आंबे बहाराची (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातून आलेली) मोसंबी. मागोमाग आवळाही येतो. ही तीन फळं आणि डब्यातला खडा मसाला, एवढ्यावर थंडीच्या संध्याकाळी गरम प्यायचा सायडर घरी होतो.

सायडर म्हणजे इथे न आंबवलेला, बिनदारूचा रस. परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे आंबवायची कृती यात नाही. उलट रस आंबू नये म्हणून काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

परदेशी कृती जशीच्या तशी इथे केली की दोन ठिकाणी फसते. तिकडे सायडरसाठी आंबट आणि तुरट जातीची सफरचंदं वेगळी लावतात. आपल्याकडे गाड्यावर मिळतं ते खायचं, गोड, डेलिशियस जातीचं. त्याचा रस नुसता गरम केला तर गोड पाणी प्यायल्यासारखं वाटतं. दुसरी फसगत संत्र्याच्या चकत्यांची. रसात चकत्या टाकून तासभर उकळायच्या, असं त्या कृतींत असतं. तेच मोसंबीच्या चकत्यांनी केलं तर अख्खं भगुणं, म्हणजे पातेलं, कडू होतं. म्हणून तुरटपणासाठी आवळा घ्यायचा आणि मोसंबीला विस्तव दाखवायचा नाही. सगळी कृती या दोन गोष्टींभोवती बांधलेली आहे.

मोठे १२-१३ कप सायडर होईल एवढं साहित्य:

सफरचंद – २ किलो (मध्यम आकाराची १२-१४)
आवळे – १०० ग्रॅम (मोठे असतील तर ३)
मोसंबी – पाऊण किलो (४ ते ५)
डाळिंब – १, भगवा जातीचं (नसलं तरी चालतं)
लिंबं – २
पाणी – १ लिटर
गूळ – ४० ते ६० ग्रॅम, तोही चाखून
दालचिनी – बोटाएवढे २ तुकडे
अद्रक – १५ ग्रॅम
काळे मिरे – ८
लवंगा – ६
हिरवी विलायची – ४
बाद्यान (चक्रीफूल) – १ फूल
जायफळ – किसणीवर दोन-तीनदा घासून येईल तेवढं
मीठ – चिमूटभर

भांडी स्टीलचीच घ्या. जाड बुडाचं पाच लिटरचं भगुणं हवं. लोखंडी कढईत आवळा पडला की रस काळा पडतो, कारण आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाशी जुळतं. बिनकल्हईचं पितळ आणि साधं अ‍ॅल्युमिनियम आंबट रसाला चालत नाही.

सफरचंद कोणतं घ्यावं

बाजारात मिळालं तर दोन प्रकारचं मिसळून घ्या: दीड किलो लाल डेलिशियस आणि अर्धा किलो आंबट. आंबटात हिरवं ग्रॅनी स्मिथ चांगलं, पण ते बहुतेक बाहेरून येतं आणि महाग पडतं. काश्मीरची महाराजी जात चवीला आंबट असते. ती दिसली तर सोडू नका. काहीच नाही मिळालं तर सगळं डेलिशियस घ्या आणि एक लिंबू वाढवा. पिवळं गोल्डन वासाला छान आहे, पण जास्त पिकलेलं घेतलं तर रस कमी निघतो आणि गर पिठूळ होतो.

रसासाठी चकाकणारं, महागडं फळ घेण्यात अर्थ नाही. व्यापाऱ्याकडे प्रतवारी करून बाजूला काढलेलं, लहान आकाराचं, थोडा मार लागलेलं फळ अर्ध्या भावात मिळतं आणि रसाला तेवढंच चालतं. मात्र मार लागलेलं आणि सडलेलं यात फरक करा. दाबल्याने तपकिरी झालेला डाग कापून टाकला की काम झालं. पण बुरशी धरलेलं फळ, विशेषतः आत गाभ्याशी काळी-निळी बुरशी असलेलं, अख्खंच फेका. या बुरशीतून पातुलिन नावाचं विष तयार होतं. ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं आणि उकळल्यानंतरही पुरतं जात नाही. म्हणून प्रत्येक फळ अर्धं कापून आतून बघायचंच. अख्खं फळ मिक्सरमध्ये ढकलू नका.

मेण लावलेलं फळ असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून हाताने चोळून धुवा. साल काढू नका. थोडा तुरटपणा, रंग आणि बराचसा वास सालीत असतो. बिया आणि गाभा मात्र काढा. बी मिक्सरमध्ये फुटली की कडवट होते, शिवाय फुटलेल्या बियांतून सायनाइड सुटतं. प्रमाण कितीही थोडं असलं तरी ते रसात कशाला?

रस काढणं

ज्युसर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मिक्सर आणि फडकं पुरतं. फोडी करताना त्यावर एका लिंबाचा रस चोळत राहा, नाहीतर अर्ध्या तासात फोडी तांबूस होतात. मिक्सरमध्ये पाणी न घालता, भांडं अर्धंच भरून, थांबून थांबून फिरवा. फिरतच नसेल तर दोन चमचे पाणी. गर जाडसर रव्यासारखा राहिला पाहिजे. इथे बहुतेकांचा हात घाई करतो आणि गुळगुळीत चटणी वाटली जाते. तशा चटणीने फडक्याची भोकं बुजतात, कितीही पिळा रस येत नाही, आणि जोर लावला की गरच फडक्यातून बाहेर पडतो.

फडकं मलमलचं किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचं. खळ असलेलं नवं कापड नको, आणि साबणाचा वास तर अजिबात नको. वापरण्याआधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या. चाळणीत फडकं पसरा, गर टाका, गाठोडं बांधा, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन ठेवा. अर्ध्या तासात बहुतेक रस आपोआप निथळतो, उरलेला हाताने पिळा. २ किलो फळातून गाभा वगळून सुमारे १.१ लिटर रस मिळायला हवा. लिटरच्या खूप खाली आला तर फळ शिळं, पिठूळ होतं किंवा वाटण बारीक झालं.

लोडशेडिंगच्या गावात, किंवा मिक्सरचा आवाज नको असेल तर, आणखी एक रीत आहे आणि ती जास्त सोपी आहे. लिंबू लावलेल्या फोडी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. दहा-बारा तासांत कडक झाल्या की बाहेर चाळणीत काढून झाकून ठेवा. गोठताना फोडींतल्या पाण्याचे खडे होतात आणि पेशी फोडतात. त्यामुळे चार-पाच तासांनी वितळलेली फोड स्पंजासारखी होते आणि नुसत्या हाताच्या दाबाने रस सोडते. असा रस थोडा जास्त नितळ असतो. वितळलेल्या फोडी मात्र बाहेर रात्रभर ठेवू नका.

निघालेला रस लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवा. फडक्यातला चोथा फेकू नका. पुढचं पाणी त्याचंच.

मसाल्याचं पाणी

मसाला थेट ताज्या रसात घालून उकळणं हीच सायडर बिघडण्याची सगळ्यात सामान्य रीत आहे. दालचिनीचा आणि अद्रकाचा अर्क उतरायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ रस उकळला तर ताज्या सफरचंदाचा वास वाफेबरोबर घरभर जातो आणि कपात राहते शिजवलेल्या फळाची चव. म्हणून मसाला चोथ्याच्या पाण्यात उकळायचा. चोथ्यात अजून गोडी असते, साल असते. ती या पाण्यात उतरते आणि पाणी पाणचट राहत नाही.

भगुण्यात चोथा, एक लिटर पाणी आणि किसलेला आवळा घाला. दालचिनी मोडून, अद्रक ठेचून, मिरे खलबत्त्यात नुसते दुभंगून टाका. एक उकळी आली की आंच मंद करा आणि झाकण ठेवून बारा मिनिटं शिजू द्या. मग लवंगा, बाद्यान आणि उघडलेली विलायची घाला आणि आणखी आठ मिनिटं. एकूण वीस. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवा आणि फडक्यातून गाळा. या वेळी पिळायला हरकत नाही, पण हात भाजेल, पळीने दाबा. ८०० ते ९०० मिलीलिटर पाणी मिळेल. जास्त निघालं तर हे पाणीच मोठ्या आंचेवर आटवा. रस आटवायचा नाही.

लवंग उशिरा घालायचं कारण तिचं तेल. सहाच लवंगा असल्या तरी वीस मिनिटं उकळल्या तर त्या तेलातलं युजेनॉल हे मुख्य द्रव्य इतकं उतरतं की जीभ बधिर होते आणि दाताच्या औषधाचा वास येतो. बाद्यानचंही तसंच. मराठवाड्यात काळ्या मसाल्याची सवय असलेला हात इथे सैल सुटतो, दगडफूल आणि तमालपत्रही टाकावंसं वाटतं. टाकू नका. फळाच्या रसात हे दोन्ही आमटीची आठवण करून देतात.

दालचिनीबद्दल एक बारकावा. किराणा दुकानात कलमी म्हणून जी जाड, कडक, लालसर साल मिळते ती बहुतेक कॅसिया असते. वास दमदार, पण जास्त वेळ उकळली की ती बुळबुळीत द्रव सोडते. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, बोटाने सहज मोडणारी, ती सिलोनची. तिचा वास सौम्य आणि गोडसर. सिलोनची असेल तर दोनाऐवजी तीन तुकडे घ्या. पूड कोणतीच घालू नका, ना दालचिनीची ना तयार चहा मसाल्याची. पूड गाळली जात नाही, तळाशी गाळ बसतो, आणि शेवटचा घोट चिखलासारखा लागतो.

संत्र्याची साल आवडत असेल तर वरचा रंगीत पापुद्रा तेवढा, दोन बोटं लांबीची पट्टी, शेवटच्या तीन मिनिटांत घाला. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच.

रस आणि पाणी एकत्र

गाळलेलं पाणी पुन्हा भगुण्यात घ्या आणि त्यात थंड रस ओता. मध्यम आंचेवर तापवा. आता भांड्यापासून हलू नका, कारण रस ८० अंशांपर्यंत न्यायचा आहे, उकळायचा नाही. थर्मामीटर नसेल तर खूण ही: वरून वाफ सरळ चढते, कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसतात, मधला भाग नुसता थरथरतो पण खळखळत नाही. त्या आधी, साधारण ६०-६५ अंशांच्या सुमारास, वर तपकिरी फेस जमू लागतो. रसातली प्रथिनं आणि गराचे कण एकत्र येऊन हा फेस होतो. झाऱ्याने दोन-तीनदा काढून टाका; तेवढ्याने रंग उजळतो आणि चव स्वच्छ लागते. ८० ला पोचल्यावर दोन मिनिटं त्याच आंचेवर राहू द्या. सालीवरून आलेले यीस्ट आणि जंतू मरायला एवढं पुरेसं आहे.

गूळ यानंतर. रसात आधीच १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यामुळे सुरुवातीलाच गूळ घातला तर हमखास जास्त होतो. आधी नुसतं चाखा, आणि चाखताना चमचाभर वाटीत काढून कोमट करा. चटका बसणाऱ्या घोटात चव कळत नाही. गूळ वेगळ्या वाटीत थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात काडी-कचरा असतोच. पिवळाधमक गूळ टाळा. गडद, चॉकलेटी गूळ चवीला खोल आहे, पण ६० ग्रॅमच्या वर गेला की सफरचंद हरवतं आणि काकवीच उरते. साखर वापरली तरी बिघडत नाही. फळाचा वास जास्त मोकळा लागतो.

मग आंबट. दुसरं लिंबू थोडं थोडं पिळत जा. बरोबर आंबट झाल्याची परीक्षा सोपी आहे: घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किंचित पाणी सुटतं आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. घोट घशात जाऊन तिथेच चव संपत असेल तर आंबट कमी आहे, मसाला नव्हे. बहुतेक जण इथे चुकून आणखी लवंगा टाकतात. शेवटी चिमूटभर मीठ आणि जायफळ.

मोसंबी

मोसंबीच्या सालीखालचा पांढरा भाग, फोडींवरची पातळ कातडी आणि बिया यांत एक पदार्थ असतो, जो फळात असेपर्यंत कडू नसतो. रस काढताना तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन अतिशय कडू असतं. उष्णतेने हे काम झपाट्याने होतं, थंडीत सावकाश; पण होतं नक्की. रसवंतीतला ताजा मोसंबी रस गोड लागतो आणि तोच घरी आणून संध्याकाळी प्यायला तर कडू, यामागे हेच आहे. यावर इलाज एकच: शेवटच्या क्षणी काढा, आणि आंचेवर नेऊ नका.

सायडर तयार झाल्यावरच मोसंबी कापा. आडवी कापून लिंबासारखी हाताने किंवा काचेच्या पिळणीवर पिळा. साल सोलून मिक्सरमध्ये टाकणं, किंवा पार पांढऱ्या भागापर्यंत दाबून पिळणं, दोन्ही नको. पाऊण किलोतून ३०० मिली आला की थांबा. गाळून बिया काढा. साल हिरवट असली म्हणून फळ कच्चं समजू नका; आपल्याकडच्या उबदार रात्रींत आंबे बहाराची मोसंबी आत पिकली तरी बाहेरून पूर्ण पिवळी होत नाही. हातात जड लागणारं, सालीला गुळगुळीत फळ घ्या. खरखरीत, फुगलेल्या सालीच्या मोसंबीत रस कमी आणि पांढरा भाग जास्त.

डाळिंबाचे दाणे फडक्यात बांधून हाताने चुरगळा, मिक्सर नको. बी भरडली की लाकडासारखी तुरट चव येते. त्याचा लाल रंग उकळल्यावर तपकिरी होतो, म्हणून तेही आंचेबाहेर.

गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा. कपात दोन मोठे चमचे मोसंबीचा रस आणि एक छोटा चमचा डाळिंबाचा घाला आणि वरून दीडशे मिली गरम सायडर ओता. ढवळायची गरज पडत नाही. पितळी पेल्यात देऊ नका. काचेचा किंवा चिनी मातीचा कप.

काय बिघडतं

कडू झाला तर आधी मोसंबी आठवा: आंचेवर गेली का, रस काढून तास उलटला का, बिया राहिल्या का. मोसंबी घालण्याआधीच कडू असेल तर सफरचंदाच्या बिया, संत्र्याचा पांढरा भाग किंवा लवंग. कडवटपणा काढता येत नाही. गूळ वाढवून तो लपतही नाही, नुसता कडू-गोड होतो. साधा गरम रस मिसळून पातळ करा.

काढ्यासारखा लागतो, असं घरचे म्हणाले तर अद्रक आणि मिरे जास्त किंवा उकळणं लांबलं. सर्दीसाठी तो तसाच प्या, पाहुण्यांसाठी सफरचंदाचा आणखी रस घाला.

तोंड आखडत असेल तर आवळा जास्त. १०० ग्रॅम हे मोठ्या, कलमी आवळ्याचं प्रमाण आहे. गावठी लहान आवळा जास्त तुरट असतो, तो ७० ग्रॅमच पुरे.

सायडर दाट, ओढल्यासारखा लागला आणि गार झाल्यावर जेलीकडे झुकला तर ते सफरचंदाचं पेक्टिन, म्हणजे फळातलं जेली धरणारं द्रव्य. चोथा वीस मिनिटांपेक्षा फार जास्त शिजवला की असं होतं. बुळबुळीत लागला तर कॅसिया.

रंग तपकिरी आला तर घाबरू नका. लिंबू कमी पडलं किंवा रस उघडा राहिला एवढाच त्याचा अर्थ. चवीत फार फरक पडत नाही. सायडर ढगाळ असणं तर दोष नव्हेच. नितळ हवाच असेल तर सात-आठ तास फ्रीजमध्ये स्थिर ठेवून वरचा अलगद ओतून घ्या.

आणि दूध घालू नका. कोजागरीच्या मसाला दुधाच्या धर्तीवर हा प्रयोग होतो आणि प्रत्येक वेळी दूध फाटतं.

सीताफळाचं काय

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ याच दिवसांत येतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे ते यात घालावं असं वाटणं साहजिक आहे. पण सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि रंगही बदलतो. ते बासुंदीत, तीही गार झाल्यावर घाला. पेरू मात्र चालतो: सफरचंदातला पाव भाग कमी करून तेवढा पिकलेला पेरू चोथ्याच्या पाण्यात शिजवा. वास जोरकस येतो, बिया फडक्यात अडकतात. पेरूत पेक्टिन भरपूर, म्हणून पंधरा मिनिटंच शिजवा आणि लगेच गाळा.

ठेवायचं कसं

ऑक्टोबरच्या उकाड्यात हा रस ओट्यावर ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो. हवेतले आणि भांड्याला लागलेले यीस्ट त्याला पुरतात. मोसंबी न घातलेला सायडर गरम असतानाच उकळलेल्या काचेच्या बाटलीत भरा, गार होऊ द्या आणि फ्रीजमध्ये चार दिवस वापरा. फ्रीझरमध्ये तीन महिने चव टिकते. तेव्हा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि वर दोन बोटं जागा मोकळी सोडा. वीज जाऊन वितळला तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी तापवून संपवा.

झाकण उघडताना फस्स आवाज आला, वर बारीक बुडबुडे चढताना दिसले किंवा दारूसारखा-शिरक्यासारखा वास आला तर तो ओतून द्या. घट्ट झाकणाची काचेची बाटली बाहेर उबदार जागी राहिली तर आतल्या वायूने फुटू शकते. आंबल्याचा संशय असलेली बाटली चेहऱ्यापासून लांब, वर कापड टाकून उघडा.

पुन्हा तापवताना ७५ अंशांच्या वर नेऊ नका. मायक्रोवेव्हपेक्षा गॅस बरा.

दुपारच्या उन्हात गरम प्यायची इच्छा नसेल तर हाच सायडर गार करून, निम्मा सोडा घालून, चिमूटभर काळं मीठ आणि ऐनवेळी पिळलेली मोसंबी घालून द्या. थंडपणात मसाला दबतो, म्हणून गार प्यायचा असेल तर मसाल्याचं पाणी गाळण्याआधी पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं मुरू द्या.

पन्नास माणसांसाठी

हुरड्याच्या दिवसांत शेतावर मोठी मंडळी जमतात तेव्हा प्रमाण चौपट करावं लागतं. फळ, पाणी, आवळा चौपटच. मसाला मात्र तिप्पट. मोठ्या भांड्यात वाफ कमी जाते, उष्णता जास्त वेळ टिकते आणि मसाला उतरतच राहतो. ८ किलो सफरचंदं हाताने पिळण्याचा हट्ट धरू नका. फ्रीझरची रीत वापरा किंवा ज्यूस सेंटरवाल्याला सांगून रस काढून घ्या, फक्त बिया काढून फोडी त्याच्याकडे न्या आणि चोथा परत मागा. चहाच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरण्याआधी कॅन खाण्याच्या सोड्याने धुऊन गरम पाण्याने विसळा, चहाचा वास रसाला लगेच लागतो. कॅनमध्ये मसाल्याचा एकही खडा राहू देऊ नका. मोसंबीचा रस वेगळ्या किटलीत ठेवा आणि वाढणाऱ्याला सांगून ठेवा की कपात आधी मोसंबी, मग सायडर. तीसुद्धा तासाभरात संपेल एवढीच पिळा. पुढच्या पंगतीला पुन्हा ताजी.

मसाल्याच्या पाण्यात उकळल्यानंतर चोथ्यात चवीचं काही उरत नाही. मसाल्याचे खडे वेचून तो शेणखताच्या खड्ड्यात टाका.